राग निवला का, बाई

सरांनी मला सतरंजीवर बसवलं, ही त्यांची चूक. बाकी सगळं त्यांनी फार हुशारीनं केलं होतं.

सर म्हणजे मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेतले बुरशीचे अभ्यासक. भारत आणि जर्मनीनं मिळून एक प्रकल्प काढला होता, त्याचे आपल्या बाजूचे ते प्रमुख. तिकडच्या प्रमुख एक बाई होत्या. विषय मात्र आमच्या जंगलातला होता, सात्या. पावसाळ्यात उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, वारुळावर उगवणारी ही पांढरी अळिंबी बाजारात मटणाच्या भावानं विकली जाते आणि तरी सकाळीच संपते. हिची शेती कुणालाच जमलेली नाही, कारण ती उधईशिवाय जगत नाही आणि उधई तिच्याशिवाय. जमिनीखाली उधई तिला पालापाचोळा आणून भरवते, आणि ती तो उधईसाठी पचवून ठेवते. हा संसार नेमका कसा चालतो, ते दोन देशांना मिळून शोधायचं होतं.

माझं माहेर मूल नावाच्या गावचं. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे. मी विहारातल्या अभ्यासिकेत बसून एम.एस्सी.पर्यंत पोचले आणि आता कुरखेड्याच्या बाजूला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवते. नवरा जवळच्याच एका गावात आरोग्य उपकेंद्रात आहे. त्या गावात आम्ही घर बांधलं, मतदार यादीत नावं तिथलीच घातली. सरांनी माझ्याकडून हजार गोष्टी विचारून घेतल्या, पण मी कुठल्या गावची मतदार आहे हे काही त्यांना विचारावंसं वाटलं नाही.

चार पावसाळे मी या प्रकल्पात घातले. शेजारची बाई, गोंड, माझ्याहून बरीच मोठी, तिच्या मागे मागे जंगलात फिरले. आमच्याकडे सात्याची जागा सख्ख्या जावेलाही दाखवत नाहीत. पहिल्या वर्षी तिनंही दाखवली नाही, पाटीवर फडकं झाकून माझ्यासमोरून निघून जायची. दुसऱ्या वर्षी एका सकाळी दारात येऊन म्हणाली, "चाल. पन मांगं पाहत येजो, कोनी येऊन तं नाई राह्यलं." तेव्हापासून आम्ही बरोबर जायचो. ती खाण्यापुरतं तोडायची, मी नमुन्यापुरतं. मी वारुळाचं तापमान घ्यायची, मातीचा ओलावा मोजायची, सात्याचे तुकडे नळ्यांत भरून बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि एसटीनं कॉलेज गाठून फ्रीजरमध्ये टाकायची. लाइट गेली की जनरेटरच्या डिझेलसाठी प्राचार्यांच्या दारात उभी राहायची. सर वर्षातून एकदा यायचे, टोपी घालून वारुळाशेजारी फोटो काढायचे आणि उन्हं चढायच्या आत परत जायचे.

मला सरांनी शब्द दिला होता की करारात सहसंशोधक म्हणून माझं नाव लागेल आणि शेवटच्या वर्षी सहा महिने मी तिकडच्या प्रयोगशाळेत जाईन. आपणच उकरलेल्या मातीतला तो संसार तिकडच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, याच्याशिवाय मला दुसरं काही नको होतं. मी पासपोर्ट काढला. मोबाइलवर जर्मन शिकायला लागले. भाकरी थापता थापता नवऱ्याला जर्मनमध्ये चहा विचारायची, तो मराठीत नको म्हणायचा.

पोळा झाला आणि जर्मन बाई पहिल्यांदाच आल्या. साठीच्या आसपास, उंच, पायात चिखलाचे बूट, बोलणं कमी. तालुक्याच्या विश्रामगृहावर भेट ठरली. मी आदल्या दिवशी साडीला इस्त्री केली. सरांनी त्यांच्याबरोबर आलेल्या एका मुलीला पुढे केलं. ती त्यांची सून. ही आमची सहसंशोधक, तुमच्याकडे हीच येणार आहे, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं. मग माझ्याकडे न बघता हातानं माझी दिशा दाखवून म्हणाले, "शी इज अवर लोकल फॅसिलिटेटर." या शब्दाला मराठीत नेमका शब्द नाही, पण अर्थ मला लगेच कळला. चहा सांगायला जाते ती.

मी चहा सांगायला गेले. तेही नोंदवून ठेवते. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी राहिले तेव्हा रडू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही. त्याऐवजी एक म्हण आठवली, आयत्या बिळावर नागोबा. वारुळं उधईनं बांधायची आणि आत नागानं येऊन बसायचं, हे मी जन्मभर ऐकत आले होते. नाग सुनेला घेऊन येतो एवढंच माहीत नव्हतं. चहाचे कप घेऊन बाहेर आले तोवर माझं ठरलं होतं की या माणसाला मी सोडणार नाही. कसं ते ठरलं नव्हतं.

ते त्यांनीच ठरवून दिलं, दुसऱ्या दिवशी, आमच्या गावात.

जर्मनीचा कायदा म्हणे असा होता की ज्या गावच्या जंगलातून नमुना घेतला, त्या गावाची संमती असल्याशिवाय मातीचा कणसुद्धा त्यांच्या देशात जाऊ शकत नाही. जंगलावर सामूहिक हक्क ग्रामसभेचा, म्हणून ग्रामसभेचा ठराव हवा होता. आतापर्यंत नमुने घ्यायची परवानगी मीच तोंडी मागायची आणि गाव द्यायचं. आता बाहेर न्यायचं होतं. तेवढ्यासाठी बाई इतक्या लांबून आल्या होत्या. चार वर्षांचे सगळे नमुने फ्रीजरमध्ये याच एका ठरावाची वाट बघत होते.

गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, सभा बसली. सतरंजी अंथरलेली. पाहुण्यांसाठी प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या. मी चौथी आणायला वळले तर सर म्हणाले, "तुम्ही खाली बसा ना त्यांच्यासोबत. बरं दिसतं ते. आणि तिथूनच ट्रान्सलेट करा."

आमच्या घरात खाली बसवण्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आजोबांना आयुष्यभर कुठे कुठे खाली बसवलं, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. पण आमच्या या गावात त्या बसण्याचा अर्थ वेगळा आहे, आणि तो सरांना माहीत नव्हता. ग्रामसभेत जो सतरंजीवर बसतो तो गावचा, त्याला तोंड असतं. जो खुर्चीवर बसतो तो पाहुणा. पाहुण्याला पाणी मिळतं, मान मिळतो, शब्द मिळत नाही. मी पदर सावरून शेजारच्या बाईला खेटून बसले.

सर छान बोलले. दोन देशांची मैत्री, विज्ञानाला सीमा नसतात, गावाचं नाव जगात जाईल. सात्या वाळवायला गावात एक शेड बांधून देऊ, हेही सांगितलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, शेड त्यांना हवीच होती. मी सगळं इमानदारीनं जर्मन बाईंसाठी इंग्रजीत सांगत होते. मग सर म्हणाले, "तर मंडळी, ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करा बघू."

कुणी हालेना. आमच्या गावात हात वर करायची रीत नाही. पाहुण्याचं मन मोडू नये म्हणून काही म्हाताऱ्यांनी खांद्यापर्यंत हात नेले, ते बघून आणखी काहींनी. सर जर्मन बाईंकडे वळून हसले. "व्हेरी क्लिअर मेजॉरिटी," म्हणाले.

त्या सभेपुरते अध्यक्ष होते ते आमच्यातले सगळ्यात वयस्क भाऊ. त्यांनी घसा खाकरला. "इथी मतं नाई मोजत, साहेब. कोनाचं नको हाये का, तेवढंच इचारतो. एकाचंबी नको असन तं मंग बोलनं आलं." आणि सतरंजीभर नजर फिरवत विचारलं, "हाये का कोनाचं?"

त्या क्षणापर्यंत मला खरंच सुचलेलं नव्हतं. इतक्या सभा मी त्या सतरंजीवर बसून ऐकल्या होत्या, पण तो प्रश्न मलाही विचारला जातो हे ध्यानात आलं नव्हतं.

"माझं नको आहे," मी म्हणाले.

मग माझं काम केलं. एका बाईंचा नकार आहे, असं इंग्रजीत सांगितलं. जर्मन बाईंनी विचारलं, कोणत्या बाईंचा? म्हटलं, माझा.

सर अर्धवट उठले. "अहो, तुम्ही प्रोजेक्टच्या आहात. तुम्हाला कसं बोलता येईल?"

"काल तुम्हीच सांगितलंत ना सर, मी लोकल आहे."

हे वाक्य मी इंग्रजीतही सांगितलं. जर्मन बाईंनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. सून मोबाइलमध्ये बघत होती.

पण आमच्या सभेत नुसतं नको म्हणून सुटका नसते. का नको, हे सगळ्यांसमोर सांगावं लागतं. मी शहाणपणा करायला गेले. म्हटलं, वारुळांना धक्का लागेल, बाहेरची माणसं येतील, जागा उघड्या पडतील. शेजारची बाई मला कोपर लावून म्हणाली, "ते तं आपन मांगंच बोललो. जागा नाई सांगाच्या, वारूळ नाई खोदाचं, साहेब हो म्हनले. तुह्यं खरं काय ते सांग. काल सांजेपासून तुह्यं तोंड असं काऊन हाये?"

मग मी खरं सांगितलं, गावाला गावच्या बोलीत आणि त्याच दमात इंग्रजीत, एकेक वाक्य करून. चार पावसाळे कुणी भिजवले. शब्द काय दिला होता. काल काय म्हटलं गेलं, आणि माझ्या जागेवर कोण चाललंय. स्वतःची तक्रार स्वतःच भाषांतर करून सांगण्यात एक सोय असते, प्रत्येक घाव दोनदा बसतो. सर मध्येच म्हणाले, हा कम्युनिकेशन गॅप आहे. मी तेही गावाला सांगितलं, "साहेब म्हणतात, बोलण्यात अंतर पडलं." म्हातारे भाऊ म्हणाले, "बोलन्यात कुठी पडलं? खुर्चीत अन् सतरंजीत पडलं." मी तेही इंग्रजीत सांगितलं. फार बरं वाटलं.

जर्मन बाईंनी सरांना फक्त एवढं विचारलं, हे खरं आहे का? सर बोलत राहिले, बाई ऐकत राहिल्या, आणि शेवटी म्हणाल्या, मी इथे पाहुणी आहे, गाव काय ठरवतं त्याची वाट बघेन. माझ्या बाजूनं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. तेव्हा मला त्याचाही राग आला होता.

भाऊंनी निकाल दिला. "बाईले राग आला हाये. तिचा राग निवंल तवा इषय घेऊ."

"राग हे काही कारण झालं का?" सर म्हणाले.

"काऊन नाई? रागावलेल्या मानसाले घरात ठेवून पंगत बसते का कुठी?"

त्यानंतर मजा सुरू झाली. मजाच म्हणते, दुसरा शब्द नाही. आमची ग्रामसभा दर महिन्याला बसते. जो विषय मिटला नाही तो पुढच्या सभेत पहिला. दर महिन्याला भाऊ, किंवा त्या वेळी जो कुणी अध्यक्ष असेल तो, आधी मलाच विचारायचा, "राग निवला का, बाई?" मी म्हणायची, "नाही निवला." मग बाकीचे विषय. कुणी मला समजावलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. पाऊस थांबला का, असं विचारावं तसं विचारायचे.

नाक दाबलं की तोंड उघडतं. दसऱ्याला सरांचा फोन आला, आवाजात नुसता मध. दिवाळीला म्हणाले, पेपरमध्ये आभारात तुमचं नाव नक्की टाकू. धान कापणी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, तेव्हा आभारातून उठून लेखकांत आलं, पण शेवटी. थंडीत एकदा सुनेनं फोन केला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, मॅडम, माझा यात काय दोष? मी म्हटलं, काही नाही गं, आणि सभेत जाऊन पुन्हा नको म्हटलं. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सुचवलं की पुढच्या वर्षी तास कुणाला द्यायचे हे अजून ठरायचं आहे. तेही सरांच्या खात्यावर चढवलं.

मी सूड घेत होते आणि मला तो आवडत होता. सकाळी झाडताना, वर्गात हजेरी घेताना, मध्येच आठवायचं की तिकडे एक मोठा माणूस माझ्या एका शब्दासाठी कॅलेंडर बघत बसला आहे. जेवण गोड लागायचं. कुणी म्हणेल हे बरं नव्हे. म्हणो.

शेजारची बाई एकदा अंबाडी निवडता निवडता म्हणाली, "शेड भेटली असती तं बरं झालं असतं आमचं. पन तुह्यं नाई म्हनजे नाई." तिनं ते माझ्याकडे न बघता सांगितलं आणि भाजी निवडत राहिली. मला लागलं. पण लागलेलं मी सरांवरच ढकललं, तिथं अजून जागा होती.

उन्हाळा तोंडावर आला तसा सर स्वतः आले. नमुने पाठवायची मुदत संपत होती. या वेळी खुर्ची मागितली नाही. बूट काढून सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडमचं नाव सहसंशोधक म्हणून घालतो, पेपरवर पहिलं त्यांचं, आणि जर्मनीला त्याच जातील. बाईंशी बोलणं झालं आहे, त्यांनी ती जागा अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. मग माझ्याकडे बघून हात जोडले. "माझी काही चूक झाली असेल तर माफ करा."

नवरा माझ्या मागेच बसला होता. तो हळूच म्हणाला, "घे आता. तुले पायजे होतं ते भेटून राह्यलं ना?"

मिळत होतं. जे मागितलं होतं ते सगळं, वर थोडं जास्तच. मी फक्त हो म्हणायचं होतं आणि मे महिन्यात मी त्या सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असते. पण मला ते 'असेल तर' ऐकू आलं. आणि त्यापेक्षाही खरं सांगायचं तर, त्या माणसाला मांडी घालून खाली बसलेला बघून मला जे वाटत होतं ते संपावं असं मला वाटेना. हो म्हटलं की सर उठून उभे राहणार होते.

भाऊंनी विचारलं, "राग निवला का, बाई?"

"नाही निवला," मी म्हणाले.

सरांचा चेहरा मी पोटभर बघून घेतला. नवरा उठून बाहेर गेला. भाऊ म्हणाले, पुढच्या सभेत घेऊ.

पुढच्या सभेआधीच जर्मन बाईंचा ईमेल आला, मलाच, सरांना फक्त प्रत. चार ओळी. मुदत संपली, हा भाग आता दुसऱ्या एका देशात करणार आहोत. तुमच्या नोंदी मी या क्षेत्रात पाहिलेल्यांपैकी सर्वांत काटेकोर होत्या, तुम्ही आमच्याकडे याल याची मी वाट बघत होते. नमुने संमतीविना ठेवता येत नाहीत, नियमाप्रमाणे नष्ट करावेत.

ते काम माझ्याकडेच आलं. दुसरं कोण करणार? फ्रीजर उघडला, सगळ्या नळ्या काढल्या, प्रत्येकीवर माझं अक्षर. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रेशर कुकरसारखं एक यंत्र आहे, जंतू मारायला. त्यात चार पावसाळे भरले आणि झाकण लावलं. थोड्या वेळानं वाफ सुटली आणि सगळ्या प्रयोगशाळेत सात्याच्या भाजीचा वास पसरला. बाहेरून जाणारी एक विद्यार्थिनी दारात थांबून म्हणाली, "मॅडम, आज डब्यात सात्या आनल्या का? आता कुठी भेटल्या?" मी म्हटलं, जुन्या आहेत.

घरी आले तेव्हाही तो वास पदराला होता. मी मनात सरांना शिव्या घातल्या, रोजच्याच, पण त्या दिवशी त्यांना चव नव्हती.

त्या महिन्याची सभा तेंदूपत्त्याच्या हंगामाआधीची, म्हणून गर्दी होती. मी माझ्या जागेवर बसले. उत्तर तयार होतं. भाऊच अध्यक्ष होते. त्यांनी घसा खाकरला आणि पहिला विषय तेंदूच्या फळीचा, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेचा, घेतला. मग हातपंपाचा. मग रोपवनाला कुंपण घालायचं ते. मी थांबले, शेवटी घेतील म्हणून. सभा उठली, माणसं बाहेर पडायला लागली, शेजारची बाईही गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"भाऊ," मी म्हणाले, "मला विचारलं नाही."

"काय?"

"राग निवला का ते."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. चिडले नव्हते, हसलेही नाहीत. "साहेब गेले, नमुने गेले. आता कायले इचारू, बाई?" म्हणाले. "उठ जरा. सतरंजी गुंडाळाची हाये."